अर्धी घंटी

पडद्यावर एकोणीस आकडा होता. सकाळी तो दोनशेच्या वर होता.

शैलजा खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्या आकड्याकडे बघत होती. साखरखेर्ड्याचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एक खोली. खोलीत माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, कपाटात यंत्र, यंत्राला जोडलेला छोटा हिरवा पडदा आणि कळा. समोरच्या भिंतीवर गावभरच्या तारा येऊन टेकलेल्या. बाहेर बाजार भरला होता. खिडकीतून वाळल्या मिरच्यांचा ठसका आत येत होता, आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्याची टकटक काही केल्या थांबत नव्हती.

दाराशी लाइनमन जानराव उभे होते.

"किती राह्यले?"

"एकोणीस."

"मंघा एकवीस होते ना?"

शैलजानं पडद्यावरची नजर न काढता मान हलवली.

जानरावांची बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तासाभरापूर्वी दवाखान्यात मुलगी झाली, वारही पडली, पण रक्त थांबेना. डॉक्टर दवाखान्याची गाडी घेऊन लोणारकडे शिबिराला गेलेले. मागे एकट्या शकुंतला सिस्टर. त्यांनी मेहकरच्या डॉक्टरबाईंना फोन लावला, आणि नशिबानं लागला. आता डॉक्टरबाई तिकडून एकेक गोष्ट सांगत होत्या. सिस्टर रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून पलंगाशी धावत होत्या, हात चालवत होत्या, परत येऊन पुढचं विचारत होत्या. मेहकरहून गाडी निघाली होती. ती येईपर्यंत बेबीचा जीव त्या एका तारेवर होता.

बेबीची आई बनाबाई तिथं होती, पण जानरावांना थांबू दिलं नव्हतं. "बनाबाई हाये ना पोरीपाशी. तुमी जा, तार सांभाळा," असं सिस्टरांनीच सांगितलं होतं. म्हणून ते तार सांभाळायला आले होते, आणि इथं आल्यावर त्यांना कळलं होतं की तार ठणठणीत आहे, आजारी आहे ते कपाट.

हे कपाट गावात येऊन दोन महिने झाले होते. आधी इथं हातानं दोऱ्या खोचून फोन जोडायचा जुना बोर्ड होता. नवं यंत्र आपल्याच देशात, बंगलोरला घडवलेलं. गावातला उन्हाळा, धूळ, लाइटीची ये-जा, सगळं सोसायचं. पण बाजाराच्या दिवशी दुपार कलली की ते एकाएकी मिटायचं आणि आपलं आपण पुन्हा सुरू व्हायचं. चालू असलेले सगळे फोन तुटायचे. मेहकरची लाइन पुन्हा मिळायला कधी अर्धा तास लागायचा, कधी संध्याकाळ व्हायची. तक्रारी गेल्या, आणि बंगलोरहून शैलजा आली. ती मूळची बुलढाण्याची, मास्तरांची मुलगी. यंत्राच्या आतला जो मूळ प्रोग्राम, ज्याला ते लोक कर्नेल म्हणतात, त्यातला स्मरणाचा भाग तिनं लिहिलेला होता.

"कर्नल? फौजेतला काय?" जानरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तसंच समजा. कोणाला जागा द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, ते हा ठरवतो."

यंत्राचं स्मरण पानापानांत कापलेलं असतं. सगळी पानं सारखी. कोणी रिसीव्हर उचलून नंबर फिरवला की कर्नेल त्या बोलण्यासाठी एक कोरं पान काढून देतो. पानावर दोन नावं पडतात, लावणाऱ्याचं आणि ज्याला लावला त्याचं. बोलणं संपलं, एकानं ठेवला, एक नाव पुसलं. दुसऱ्यानं ठेवला, दुसरं पुसलं. दोन्ही पुसली की पान कोऱ्यांत परत. घंटी वाजून वाजून कोणी उचललाच नाही, तरी कर्नेल वाट बघून शेवटी दोन्ही नावं पुसतो. प्रयोगशाळेत हे सगळं हजार वेळा तपासलं होतं.

एक मात्र कोणी तपासलं नव्हतं. तिकडे घंटी एकदाच वाजवून फोन खाली ठेवायचं कोणाच्या डोक्यात येणार?

साखरखेर्ड्यात सगळ्यांच्या डोक्यात आलं होतं. समोरच्यानं उचलला तरच फोन मोजला जातो, पैसे पडतात, हे गावानं पहिल्या आठवड्यात ओळखलं. मग बोलायचं कशाला? एक घंटी, म्हणजे लोणारची एसटी लागली. दोन घंट्या, म्हणजे शेतातल्या मोटारीला लाइट आली. तीन, म्हणजे घरी या, ताट वाढलंय. बाजाराच्या दिवशी अडते लोक कापसाचा भावसुद्धा घंट्यांनी कळवायचे. ऐकणारा हात लावायचा नाही, नुसता मोजायचा आणि कामाला लागायचा. शैलजा चार दिवस यंत्रातल्या तारा आणि चिपा तपासत बसली होती. आज सकाळी चहाच्या टपरीवर फोन एकदा वाजून गप्प झाला, आणि टपरीवाल्यानं न उचलताच "आली बरं गाडी!" अशी हाक दिली, तेव्हा तिच्या हातातला कप तसाच राहिला.

अशा अर्ध्यावर सोडलेल्या घंटीत लावणाऱ्याचं नाव पुसलं जात होतं. ज्याला लावला त्यानं उचललंच नाही, म्हणून त्याचं नाव तसंच. कर्नेल समजायचा, पान अजून वापरात आहे. अशी बेवारशी पानं दिवसभर साठत जायची. कोरं पान उरलं नाही, की यंत्र स्वतःला बिघडलेलं समजून मिटायचं. ती पायरीही तिनंच घातली होती, सुरक्षेसाठी म्हणून.

उपाय सोपा होता. संध्याकाळी यंत्र बंद करून दुरुस्ती घालायची. पण तेवढ्यात बेबीचं झालं, आणि आता यंत्र क्षणभरही बंद करता येत नव्हतं.

कोऱ्या पानांचा आकडा अठरा झाला.

"मॅडम, दवाखान्याची सोडून बाकीच्या तारा उपटून टाकू का भिंतीवरून?"

"नको हो, नका हात लावू! तार तुटली की यंत्र तिची तपासणी करतं. एकेका तपासणीला एकेक पान. आहेत ती सगळी जातील."

जानरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि तो कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला. मग एकदम म्हणाले, "मंग लोकाईलेच सांगतो ना. घडीभर फोनले हात लावू नका म्हंतो. माह्या पोरीसाठी आयकतीन."

ते गेलेसुद्धा. सायकलचं स्टँड सुटल्याचा आवाज झाला.

शैलजानं बंगलोरहून आणलेली एक तयार आज्ञावली यंत्रात चढवली. पुढच्या आवृत्तीसाठी लिहून ठेवली होती, तिचा तिला अभिमानही होता. ज्या पानाला बऱ्याच वेळात कोणी शिवलेलं नाही ते मेलं असं धरायचं आणि परत घ्यायचं. सगळीकडे हीच रीत. पडद्यावर यादी उमटू लागली, जुन्यातलं जुनं पान सगळ्यात वर. आज्ञा विचारत होती, घेऊ का परत?

तिचं बोट कळेवर गेलं. नजर यादीच्या पहिल्या ओळीवर गेली आणि बोट तिथंच थिजलं.

पहिली ओळ होती दवाखाना ते मेहकर.

बरोबरच होतं. एकदा बोलणं जुळलं की आवाज आपल्या वाटेनं वाहत राहतो, पानाला कोणी शिवत नाही. लोक दोन मिनिटं बोलून ठेवतात म्हणून ते कधी ध्यानात आलं नव्हतं. जो फोन सगळ्यात लांबला होता, तोच यंत्राच्या लेखी सगळ्यात मेलेला होता. ती कळ दाबली असती तर सगळ्यात आधी बेबीचं पान गेलं असतं.

तिनं हात मांडीवर घेऊन घट्ट धरला. दुसऱ्या हातानं आज्ञा रद्द केली.

मग कसं ओळखायचं? शिवलं की नाही, यावरून नाही. नावावरूनही नाही, नावंच खोटी पडली होती. तिनं डोळे मिटले. टेबलावर आडवा पडलेला तो रिसीव्हर डोळ्यांपुढे आला. कोणी बोलत नाहीये, पण तो उचललेला आहे. हे सांगणारं कोण? तारेच्या टोकाशी बसलेली छोटी कार्डं. कुठल्या घरचा रिसीव्हर वर आहे, कुठला खाली, हे त्यांना आत्ताचं, या घटकेचं माहीत असतं. कर्नेलनं त्यांना कधी विचारलंच नव्हतं. पानावरच्या दोन्ही घरचे रिसीव्हर खाली असतील तरच पान घ्यायचं. एक जरी वर असेल तर हात लावायचा नाही.

तिनं लिहायला सुरुवात केली. चालत्या यंत्राच्या पोटात, एकेक अंक हातानं. एक अंक चुकला तरी यंत्र मिटणार होतं.

आकडा पंधरा. मान वर करून पाहिलं तर बारा. ओळ पूर्ण केली तर नऊ.

"हे काय होऊन राह्यलं!" ती मोठ्यानं म्हणाली. बंगलोरला पुसट झालेली बोली घाबरल्यावर आपोआप तोंडात आली होती. जानराव गावाला थांबवायला गेले होते, आणि पानं दुप्पट वेगानं गळत होती.

दारात सावली पडली. अडते महादेवराव, धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत आले.

"काय हो बाई, फोन बंद पडून राह्यला म्हंते हे खरं काय?"

"कोण म्हणतं?"

"जानराव बोंबलत चालला ना बाजारातून! फोन लावू नका, यंत्र मरून राह्यलं म्हंते. म्या म्हटलं पाहू तरी. जिनिंगवर एक घंटी देऊन पाह्यली, तं वाजली. मंग पाटलाच्या घरी देऊन पाह्यली, थेबी वाजली. मंग खतवाल्याच्या इथं..."

शैलजा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सगळे असंच करून राह्यले का?"

"सगळेच! चालू हाये का बंद, हे मानूस पाह्यल्याबिगर कसं राहीन? तो कापडवाला तं दहा ठिकानी देऊन बसला. तुमचं यंत्र पक्कं हाये बरं, एकबी खाली गेली नाही." महादेवराव कौतुकानं कपाटाकडे बघत होते.

सहा.

"महादेवराव, जानरावांची बेबी दवाखान्यात आहे. तिचं रक्त थांबत नाहीये. मेहकरच्या डॉक्टरबाई फोनवरून सिस्टरला सांगताहेत. तुमची एकेक घंटी तिच्या वाटची जागा खाऊन राह्यली. हा आकडा संपला की तो फोन तुटेल."

महादेवरावांनी सोगा सोडला.

"आन त्यानं हे काऊन नाही सांगतलं? नुसतं यंत्र यंत्र करत गेला?"

"बापाच्या तोंडून निघालं नसेल," शैलजा म्हणाली, आणि पुन्हा कळांवर वाकली. शेवटची ओळ उरली होती. ती झाली. बरोबर आहे की नाही ते पाहायला एकच जागा होती, हे जिवंत यंत्र. एका पानावर करून बघायचं. पण ते नक्की मेलेलंच हवं. चुकून कोणाचा चालता फोन गेला तरी एक वेळ चालेल, पण मध्येच गेलेल्या पानानं यंत्र गोंधळलं तर सगळंच मिटेल.

नाव पुसलं तरी कोणी लावला त्याची खूण पानावर राहायची, आणि यादीत जिथं तिथं महादेवरावांचाच नंबर दिसत होता.

"तुमच्या दुकानात आत्ता कोण आहे?"

"दुकानाले कुलूप लावून आलो ना मी."

"फोन खाली ठेवलाय? नक्की?"

"आता तुमाले काय सांगू! माह्या फोनले माही बायको हात लावत नाही, मी लावू देत नाही. खालीच हाये. वर रुमाल झाकलेला हाये त्याच्या, धूळ बसते म्हनून."

"आणि खतवाल्याचा?"

"सहदेवचा? तो पाहा ना, समोर रसाच्या गाड्यावर उभा हाये. त्याच्याबी दुकानात दुसरं कोनी नसते."

पाच. चार.

महादेवरावांकडून सहदेवकडे गेलेली घंटी. तिनं त्या एका पानाचा नंबर दिला आणि कळ दाबली. यंत्रातली सूक्ष्म घरघर क्षणभर थांबल्यासारखी वाटली. तिला वाटलं, गेलं.

घरघर होतीच. चाराचे पाच झाले.

"झालं?" महादेवराव कुजबुजले.

पाचाचे चार झाले. तीन. बाहेर अजून कोणीतरी बघत होतं, चालू आहे का बंद. दोन.

"थांबा ना हो, थांबा जराशीक," शैलजा कोणाला म्हणत होती, गावाला की यंत्राला, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं सगळ्या पानांसाठी आज्ञा दिली. सगळी कार्डं, एका ओळीत. घरोघर जाऊन विचारल्यासारखं, तुमचा वर आहे का खाली?

पडदा कोरा झाला. खोलीत फक्त टकटक उरली, भांड्यांवर नावं घालणाऱ्याची.

मग आकडा उमटला. एकशे नव्वदच्या वर.

महादेवरावांनी कपाटाला हात जोडले. शैलजा हसली नाही. पानं परत आली होती, पण कोणाकोणाची? दवाखान्याचं कार्ड खरं बोललं असेल का? जुनं कार्ड धुळीनं चुकीचं सांगतं, हे तिनं याच गावात चार दिवसांत दोनदा पाहिलं होतं.

सायकल भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. जानराव आत आले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"सांगतलं मॅडम सगळ्याईले. आयकलं त्याईनं." आणि महादेवरावांना पाहून, "तू काय करून राह्यला बे इथं?"

महादेवराव सोगा सावरत बाजूला सरकले.

"फोन चालू हाये ना?" जानरावांनी विचारलं.

शैलजानं भिंतीवरचा तपासणीचा रिसीव्हर काढला. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची परवानगी तिला नव्हती, फक्त तार तपासण्याची होती. तिनं दवाखान्याच्या तारेला चिमटा लावला आणि रिसीव्हर कानाशी धरला.

काही नाही.

ती ऐकत राहिली. जानराव तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला आपलं तोंड कसं ठेवावं ते कळत नव्हतं. फोन तुटलेला असता तर गुणगुण आली असती. गुणगुण नव्हती. पण माणूसही नव्हतं. लांबवर काहीतरी धातूचं फरशीवर टेकलं. पाण्याचा आवाज. मग, खूप लांबून, बनाबाईंचा: "डोये उघड माय. बेबे, माह्याकडं पाह्य."

आणि अगदी जवळ, कानातच, मेहकरचा थकलेला शांत आवाज: "सिस्टर, आहात ना? बाळाला अंगावर घेतलं का? गर्भाची पिशवी हाताला कशी लागते?"

पावलं धावत आली. "आहे बाई, आहे. घेतलं. आता कडक लागून राह्यली, चेंडूवानी. रक्त कमी झालं. कमी झालं बाई."

"मग हात काढू नका. गाडी येईपर्यंत चोळत राहा."

शैलजानं रिसीव्हर जानरावांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटाच कानाला लावला, इतकी वर्षं तारांवर काढलेला माणूस.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते कोणी मोजलं नाही. महादेवराव बाहेर गेले आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला परतवत राहिले: "चालू हाये, चालू हाये, घंटी देऊन पाहू नका बे, मी सांगतो ना." आकडा हळूहळू उतरायचा, शैलजा पुन्हा सगळ्या घरांना विचारायची, तो पुन्हा चढायचा. मग तिनं ते विचारणं कर्नेलच्या अंगीच लावून दिलं. पानं कमी पडू लागली की आता तो आपणहून विचारणार होता.

मेहकरची गाडी आली ती बाजारातून वाट काढत, हॉर्न वाजवत. तारेवरून सगळं ऐकू येत होतं. स्ट्रेचरची चाकं, सिस्टरांच्या सूचना, आणि त्या सगळ्यात बेबीचा बारीक, चिडका आवाज: "पानी तं देसान का कोनी?"

जानराव एकदम खाली, जमिनीवरच बसले. रिसीव्हर कानालाच होता.

गाडी गेली. सिस्टर बेबीबरोबर गेल्या. बाळाला घेऊन दुसऱ्या गाडीनं मागोमाग यायचं म्हणून बनाबाई तेवढ्या थांबल्या होत्या. मेहकरला डॉक्टरबाईंनी फोन ठेवला. पानावरचं एक टोक खाली गेलं. दवाखान्यातला रिसीव्हर मात्र घाईत टेबलावरच राहिला होता. आणि रिकाम्या झालेल्या त्या खोलीत बनाबाई नातीला मांडीवर घेऊन, आपलं कोणी ऐकत नाही असं समजून, जात्यावर म्हणतात तशा संथ चालीत म्हणत होत्या:

"माझ्या गं दारामंदी कोन पाहुनी उतरली
मायले घाबरं करून मुठी झाकून निजली..."

"मॅडम," जानराव खालूनच म्हणाले, आवाज न करता, नुसत्या ओठांनी, "हे पान घ्यायचं काय परत?"

शैलजानं पडद्याकडे पाहिलं. एका टोकाला कोणी नाही. दुसरा रिसीव्हर वर.

"राहू द्या," ती म्हणाली. "वापरात आहे."